आत्याचं जन्माचं आडनाव

मी पहिलीत असताना दिवाळीच्या सुट्टीत माझं आडनाव बदललं. सुट्टीआधी मी तारी होते. सुट्टीनंतर बाईंनी हजेरी घेताना एक नवंच आडनाव पुकारलं आणि ते माझं आहे हे माहीत असूनही मी गप्प बसून राहिले. बाईंनी दोनदा पुकारलं. शेवटी शेजारच्या मुलीने मला कोपराने ढोसलं. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती कणीक मळता मळता म्हणाली, "होईल सवय. मला झालीच ना."

सवय झाली. इतकी झाली की पुढे लग्नात तेही आडनाव गेलं तेव्हा मला फारसं काही वाटलं नाही. बाबांनी घेतलेलं आडनाव साधं होतं, कोकणातल्या आमच्या गावाच्या नावाला 'कर' लावलेलं. बाबांच्या ऑफिसात, माझ्या शाळेत, डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्याबद्दल कोणी काही विचारत नसे. 'तारी' हा शब्द घरातून हळूहळू निघून गेला. तो अजून तोंडात असलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे आत्या. आणि ती तर कागदोपत्री कधीचीच तारी उरलेली नव्हती.

आत्या बाबांपेक्षा तीन वर्षांनी मोठी. विसाव्या वर्षी लग्न होऊन गावाहून कल्याणला आली. चार वर्षांत तिचा नवरा बदली घेऊन दुसऱ्या गावी गेला आणि तिकडेच दुसरं घर मांडून राहिला. मूलबाळ नव्हतं. घटस्फोट झाला नाही, मोठं भांडणही झालं नाही. तो नुसता यायचा बंद झाला. आत्याने नर्सिंगचं शिक्षण घेतलं, कल्याणातल्या एका छोट्या हॉस्पिटलात लागली, पुढे आंबिवली स्टेशनच्या मागच्या बाजूला वन रूम किचन घेतलं आणि रिटायर होईपर्यंत तिथूनच नोकरी केली. तिच्या युनिफॉर्मवर प्लॅस्टिकची पट्टी असायची. तिच्यावर 'सिस्टर' आणि पुढे नवऱ्याचं आडनाव. डॉक्टर, पेशंट, आयाबाई, सगळे तिला त्याच आडनावाने हाक मारायचे. जो माणूस तिला सोडून गेला त्याचं नाव ती दिवसातून कितीदा तरी ऐकायची आणि "हो, आले" म्हणून धावायची.

लहानपणी मला यात काही वावगं दिसलं नाही. आत्या हसरी होती. सुट्टीत मी चार दिवस तिच्याकडे राहायला जायचे तेव्हा ती मला सोड्यांचा, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीचा, भात करून घालायची. कधी मासळीवाली शिळी कोलंबी ताजी म्हणून द्यायला लागली तर तिला म्हणायची, "मला नको गं शिकवू. आम्ही तारी लोक." मासळीवालीला त्याचा अर्थ कळत नसे. मलाही नीट कळत नव्हता. बाबांना विचारलं होतं एकदा, तारी म्हणजे काय? ते म्हणाले, "काही नाही, जुनं आडनाव होतं," आणि पेपर वाचायला लागले.

गेल्या वर्षीची गोष्ट. मी बाळकुमच्या माझ्या घरून आंबिवलीला आत्याच्या गोळ्या घेऊन गेलेले. आमचं जेवण नुकतंच उरकलं होतं आणि तिचा फोन वाजला. तिला ऐकू कमी येतं म्हणून ती फोन नेहमी स्पीकरवर टाकते.

पलीकडून एका बाईचा आवाज आला. "मी... त्यांची मुलगी बोलतेय."

"कोणाची गं?"

पलीकडच्या बाईने आत्याच्या नवऱ्याचं नाव घेतलं. मग म्हणाली, "बाबा गेले. काल सकाळी. आई म्हणाली, तुम्हाला कळवायला हवं."

आत्याने चष्मा काढून ओट्यावर ठेवला. मला वाटलं आता फोन बंद करेल. पण तिने विचारलं, "तू जेवलीस का?"

पलीकडून रडण्याचा आवाज आला. आत्या तिला सांगत राहिली, आईकडे लक्ष दे, तिला चहा-बिस्कीट तरी दे, उपाशी ठेवू नकोस. ज्या बाईने तिचा संसार नेला तिच्याबद्दल ती हे बोलत होती, पस्तीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांशी बोलत आली तशा आवाजात. फोन ठेवल्यावर मी तिचा हात धरला. तिने तो मला धरू दिला, मग सोडवून घेतला आणि म्हणाली, "भांडी राहिलीत."

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, एका रविवारी आत्या डोंबिवलीला आली. मीही आईबाबांकडे गेलेले. जेवणं झाली, आईने बडीशेप पुढे केली, आणि आत्या बाबांना म्हणाली, "मला माझं आडनाव परत लावायचंय. काय काय कागद लागतात बघ जरा. तू केलेलं ना तेव्हा."

बाबा म्हणाले, "ताई, आता? चौऱ्याहत्तराव्या वर्षी?"

"म्हणूनच. उद्या मी गेले की दाखल्यावर काहीतरी लिहितील. काय लिहायचं ते मला ठरवू दे."

"मग इतकी वर्षं का नाही केलंस? तेव्हा किती वेळा सांगितलेलं मी तुला."

आत्या बडीशेप चघळत राहिली. मग म्हणाली, "तो असताना केलं असतं तर त्याला वाटलं असतं, रागाने केलं. मला रागाने नव्हतं करायचं."

बाबांचे डोळे भरून आलेले मला दिसले. त्यांनी खाकरून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे. करू. आमचं आडनाव लाव, आपल्या गावाचंच आहे. मी उद्याच चौकशी करतो."

"तुमचं नाही रे," आत्या म्हणाली. "माझं. तारी."

बाबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "ते आता कुणाचंच नाही ताई. ते राहिलेलंच नाही."

"माझं आहे ना. मी जन्मले तेव्हा तू कर-बिर काही नव्हतास. तूही नव्हतास."

"म्हणजे मी घेतलेलं आडनाव तुला चालत नाही. लाज वाटते त्याची?"

"मला कशाची लाज वाटणार? लाज तुला वाटलेली."

हे ती चिडून बोलली नाही. पण बाबा उठून आतल्या खोलीत गेले. मग आईच म्हणाली, "माझं तर दोनदा बदललं. एकदा लग्नात आणि एकदा ह्यांच्यामुळे. मला कोणी विचारलं नाही काय लावू म्हणून." आत्या हसली, आईही हसली, पण बाबा बाहेर आले नाहीत, आणि आत्या संध्याकाळचा चहा न घेताच निघाली.

त्यानंतर दोन आठवडे बाबांनी तिला फोन केला नाही. एरवी ते रोज सकाळी करायचे, "ताई, पाणी आलं का?" एवढं विचारायला. आई मला फोनवर सांगायची, हे नुसते बसून असतात, पेपर उलटा धरला तरी कळायचं नाही. शेवटी मी एक दिवस कामावरून लवकर निघून डोंबिवलीला गेले. आई भाजी आणायला खाली गेली होती. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले.

मी सरळच विचारलं, "बाबा, तुम्ही तारी का सोडलं?"

त्यांनी सुरुवात केली ती थेट त्यांच्या पहिल्या नोकरीपासून. ठाण्याला एका ऑफिसात ते कारकून म्हणून लागले. मॅट्रिक झालेला, घराण्यातला पहिला पगारदार मुलगा. कुठल्याही कागदावर आडनाव लिहिलं की समोरचा विचारायचा, तारी की तिवारी? ते ठीक होतं. पण तिथल्या हेडक्लार्कने पहिल्याच आठवड्यात 'ताडी' म्हणायला सुरुवात केली. सकाळी बाबा दारातून आत आले की तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "आली बरं का ताडी! आज किती ग्लास?" अख्खं ऑफिस हसायचं. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. आधी तेही हसायचे. मग हसणं बंद केलं तर लोक म्हणाले, चेष्टासुद्धा सहन होत नाही याला.

"आठ वर्षं," बाबा म्हणाले. "तुझा जन्म झाला तेव्हा पेढे वाटले मी. तर तो म्हणाला, ताडीच्या घरी नीरा आली. त्या दिवशी ठरवलं."

ही गोष्ट मला चव्वेचाळीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती. आईलाही ती पूर्ण माहीत नव्हती, असं पुढे कळलं.

"ठरवलं तेव्हा तू तान्ही होतीस. कागद करायला मला सहा वर्षं लागली. हिंमत होईना," बाबा म्हणाले. "आणि केलं ते आमच्या बाबांना न सांगता केलं. त्यांना कळलं ते तुझ्या वहीवरून. तुला आठवतं?"

मला आठवत होतं. नीट नाही, पण आठवत होतं. आजोबा त्या वर्षी गावाहून आलेले. अंगात खाकी अर्धी पँट आणि बंडी, पायांचे तळवे रुंद, बोटं फाकलेली. मी त्यांना माझी वही दाखवायला गेले, कारण तीत बाईंनी तारा दिला होता. त्यांनी तारा बघितला नाही. ते वहीवरच्या लेबलावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचत होते. त्यांना वाचता थोडंच यायचं. मग म्हणाले, "ही वही कुणाची?" मी म्हटलं, "माझी." "मग हे कुणाचं नाव?" मी म्हटलं, "माझंच. आता आपलं हेच आहे." आजोबांनी वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "अक्षर बरं आहे तुझं."

"मला काहीच बोलले नाहीत," बाबा म्हणाले. "जाताना एसटीत बसल्यावर म्हणाले, गावाचं नाव लावलंस, बरं केलंस. बस. मी किती दिवस वाट बघत होतो की शिव्या देतील." मग म्हणाले, "ताई आता परत तेच काढतेय. मला वाटतं ती बाबांच्या वतीने मला विचारतेय, का केलंस?"

मी म्हटलं, "ती तुम्हाला काही विचारत नाहीये, बाबा. तिला फक्त तिचं हवंय."

आई भाजीची पिशवी घेऊन आली तेव्हा आमचं बोलणं थांबलं. मी घरी परतले. बाबा मान्य करतील असं मला वाटलं नव्हतं.

पण आठवड्याने त्यांचाच फोन आला. आवाज वेगळा होता, काहीतरी सापडलं की लहान मुलाचा येतो तसा. "तू शनिवारी मोकळी आहेस का? आपण ताईकडे जाऊ. गावच्या शाळेतून रजिस्टरचा फोटो आलाय."

मला न सांगता बाबांनी सगळी चौकशी केली होती. आत्याचा शाळा सोडल्याचा दाखला नवऱ्याच्या घरी राहिला तो राहिलाच. जन्माचं आडनाव सिद्ध करायला दुसरा कागद नव्हता. म्हणून बाबांनी गावातल्या एका चुलतभावाला गाठलं, त्याने शाळेत जाऊन जुनं रजिस्टर काढायला लावलं, नकलेसाठी अर्ज केला आणि पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला.

शनिवारी आम्ही आंबिवलीला गेलो. आत्याने दार उघडलं, बाबांकडे बघितलं आणि जणू मध्ये तीन आठवडे गेलेच नाहीत अशा सुरात म्हणाली, "चप्पल आत काढ, बाहेर कुत्रं नेतं." बाबांनी चप्पल आत काढली. मग खिशातून फोन काढून तो फोटो मोठा करून तिच्यापुढे धरला.

कडा कुरतडलेलं पिवळं पान. निळसर शाई. एका ओळीत आत्याचं नाव, वडिलांचं नाव आणि पुढे 'तारी'. त्याच ओळीत पुढच्या रकान्यात पालकाचा धंदा लिहिलेला होता, तिथेही 'तारी'. गुरुजींनी एकच शब्द दोनदा लिहिला होता.

आत्याने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. "गुरुजींचं अक्षर," ती म्हणाली. मग तिने जे सांगितलं ते बाबांनीही कधी ऐकलेलं नव्हतं.

शाळा खाडीच्या पलीकडे होती. आजोबा 'तर' चालवायचे, म्हणजे खाडीतून माणसांना इकडून तिकडे होडीने न्यायचे. अशा होडीला आमच्याकडे 'तर' म्हणतात आणि ती चालवणाऱ्याला तारी. आत्याचं नाव घालायला ते स्वतः तिला होडीतून घेऊन गेले. होडीतून उतरताना तिचे पाय चिखलात गेले, ती तशीच ओल्या पायांनी शाळेत बसली. गुरुजींनी मुलीचं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, मग विचारलं, "आडनाव?"

"बाबा म्हणाले, आडनाव कसलं गुरुजी, आम्हाला नाही ते. मी तारी," आत्या सांगत होती. "गुरुजी म्हणाले, बरं, तारी तर तारी. आणि लिहून टाकलं. मग बाबांनी मला विचारलं, चालेल ना गं तुला? मी म्हटलं, चालेल."

बाबा एकटक तिच्याकडे बघत होते. "म्हणजे त्याआधी आपलं आडनावच नव्हतं?"

"कुठून असणार? जमीन नाही, घराचा कागद नाही. कोणी विचारलंच नव्हतं. लोक पलीकडून हाक मारायचे, ओ तारी! बाबा जेवत असले तरी हात धुऊन निघायचे. पलीकडच्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, असं आपली आजी सांगायची."

"म्हणजे कागदावर पहिली तारी तू," बाबा म्हणाले. "बाबाही नाहीत. मी तर तुझ्यामागून तीन वर्षांनी शाळेत गेलो. गुरुजींनी तुझं बघून माझं लिहिलं असणार."

आत्याने यावर आधी कधी विचार केलेला दिसला नाही. ती हसून म्हणाली, "मग काय! माझी पाटी वापरलीस, माझी पेन्सिल वापरलीस, आडनावही माझंच वापरलंस."

बाबाही हसले. हसता हसता त्यांनी रुमाल काढला. "ताई, मला ताडी म्हणायचे गं ऑफिसात," ते म्हणाले, आणि एकाहत्तर वर्षांच्या माझ्या बाबांनी गॅलरीत मला जे सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं. पेढ्यांची गोष्टही सांगितली. आत्या ऐकत राहिली. मधे एकदा तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला तो उचलला नाही. शेवटी म्हणाली, "मला तेव्हाच सांगायचंस. इंजेक्शनच दिलं असतं त्या मेल्याला, जाड सुईचं."

पुढची कामं मी आणि बाबांनी मिळून केली. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागणार होता. तो त्याच मुलीने पाठवला, आत्याने एकदा फोन केल्यावर लगेच. बाबांचं स्वतःचं जुनं राजपत्र त्यांच्या कपाटात होतंच. राहिलं होतं ते सख्ख्या भावाचं प्रतिज्ञापत्र. त्यासाठी आम्ही तिघं कल्याणला गेलो. तिथे सरकारी कचेरीबाहेर झाडाखाली टेबलं मांडून नोटरी आणि टाइप करणारे बसतात. एका बाईने लॅपटॉपवर मजकूर घेतला, प्रिंट काढली आणि आत्याच्या हातात दिली. आत्याने पहिलीच ओळ वाचली आणि कागद परत केला.

"हे काय लिहिलंय?"

बाई म्हणाली, "तिवारी ना, मावशी?"

"तिवारी नाही. तारी. त ला काना, र ला दुसरी वेलांटी. मध्ये कोणी नाही."

बाईने दुसरी प्रिंट काढली. नोटरी वयस्कर गृहस्थ होते, पांढऱ्या मिशांचे, बोलायची आवड असलेले. त्यांनी प्रतिज्ञापत्र चष्मा कपाळावर सारून वाचलं आणि बाबांना विचारलं, "म्हणजे आपणही पूर्वी तारी?"

मी बाबांकडे बघितलं. आजूबाजूला दहा-बारा माणसं उभी होती.

"हो," बाबा म्हणाले. "जन्माने तारी."

"वा! तारी म्हणजे तारणारा. काय सुंदर अर्थ आहे!"

"तारणारा-बिरणारा नाही हो," आत्या म्हणाली. "होडी वल्हवणारा."

तेवढ्यावर विषय संपला असता. पण बाबांनी तो संपू दिला नाही. समोरच्या स्टुलावर बसून त्यांनी त्या अनोळखी गृहस्थांना खाडीची रुंदी सांगितली, ओहोटीला होडी कुठे अडायची ते सांगितलं, बांबू कसा रोवायचा ते हात हलवून दाखवलं. लग्नाचं वऱ्हाड नेताना आजोबा नवरीला मधल्या फळीवर बसवायचे, तिथे पाणी उडत नाही म्हणून. एकदा अडलेल्या बाईला नेताना होडीतच बाळ झालं आणि आजोबांनी डोक्याचं फडकं सोडून दिलं त्याला गुंडाळायला. मग पूल झाला. पुलाच्या पहिल्या दिवशी सगळं गाव चालत पलीकडे गेलं, आजोबासुद्धा गेले, आणि येताना मात्र पलीकडे बांधून ठेवलेल्या होडीतून एकटेच आले. हे सगळं बाबांच्या पोटात होतं. मला, त्यांच्या मुलीला, ते कल्याणच्या फुटपाथवर एका नोटरीच्या टेबलापाशी उभं राहून पहिल्यांदा ऐकायला मिळालं. मागे नंबर लावून उभा असलेला एक माणूस घाई करायला लागला होता, तोही शेवटी ऐकत बसला.

"घ्या, सही करा," नोटरी म्हणाले. बाबांनी सही केली.

राजपत्रात आत्याचं नाव यायला काही आठवडे गेले. आता ते घरबसल्या फोनवर येतं. मी ते उघडलं आणि पहिल्यांदा स्पेलिंग तपासलं. बरोबर होतं. प्रिंट काढून आत्याला दिली तेव्हा तिने ती दोनदा वाचली, घडी केली आणि देवाच्या फळीवर ठेवली. मग आधार कार्ड, बँक, पेन्शन, गॅस, सगळीकडे फेऱ्या झाल्या. त्यात माझ्या किती सुट्ट्या गेल्या ते मी मोजलं नाही.

बाबांनी स्वतःचं आडनाव परत बदललं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "या आडनावावर तुमचं शिक्षण झालं, घर झालं. यानेही माझं काही वाईट केलेलं नाही." आईने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "आणि आता माझं तिसऱ्यांदा बदलायचं नाही!" पण हल्ली ते सकाळचा फोन केला की विचारतात, "तारीबाई आहेत का?" आणि आत्या म्हणते, "आहेत, पण कामात आहेत."

तिने कल्याणहून दारावर लावायला नवी पाटी करून आणली. पाटी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची एक सून, जी नुकतीच लग्न होऊन आली होती, दार वाजवून आत आली. म्हणाली, "काकू, तुम्ही नवीन आलात ना? पाणी सकाळी सहा ते सातच असतं, भरून ठेवा. आणि कचऱ्याची गाडी नऊला येते." चाळीस वर्षं त्या घरात राहणाऱ्या आत्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, तिला चहा दिला, आणि म्हणाली, "बरं झालं बाई सांगितलंस."

मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा ती टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती. बँकेत तिची नवी सही जुळत नव्हती, दर वेळी वेगळी येत होती, म्हणून मॅनेजरने तिला घरी सराव करायला सांगितलं होतं. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून तिने ओळीने सह्या केल्या होत्या. पहिल्या काही ओळींत हात जुन्या आडनावाकडे वळलेला आणि मध्येच थांबलेला दिसत होता. खाली खाली अक्षर सुटं होत गेलं होतं, 'री'ची वेलांटी लांब आणि मोकळी.

मी म्हटलं, "आत्या, हे पान मला दे ना."

"कशाला?"

"असंच. ठेवते माझ्याकडे."

तिने पान उचलून बघितलं आणि पुन्हा खाली ठेवलं. "आत्ता नाही मिळणार," ती म्हणाली. "कोपऱ्यात अजून जागा आहे." आणि पेनाला एक झटका देऊन ती पुढची सही करायला लागली.